क्रमांक सात, निळं फाटक

माझी लेक बोंडी दुपारी झोपली की माझ्या हातात चाळीस मिनिटं असतात. त्यात कुकरची शिट्टी झाली किंवा शेजारच्या पद्मजाकाकूंनी भिंतीवरून हाक मारली तर पंचवीस. शहाण्या बाया एवढ्या वेळात पाठ टेकतात. मी यादी केली. पुढचं सगळं रामायण त्या यादीमुळे झालं, म्हणून आधी तिचंच सांगते.

माझी धाकटी बहीण डिंपल पुण्याला नोकरी करते. तिच्या ऑफिसातली माणसं लोणारचं सरोवर बघायला निघाली होती. तिने फोन केला, "ताई, आपल्याकडे कुठं काय खावं ते लिहून पाठव. तुह्याएवढं कोनाले माहीत आहे?"

माणसाच्या नेमक्या कोणत्या जागी तूप सोडावं हे डिंपलला लहानपणापासून कळतं. खाणं हा माझा हळवा कोपरा आहे. लग्नानंतर आम्ही राजस्थानला गेलो, तर अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, किल्ले आठवतात आणि मला जोधपूरचा मिरचीवडा. उदयपूरच्या तळ्याकाठी तो फोटो काढताना "थोडी डावीकडे हो" म्हणत होता. डावीकडे कचोरीवाला होता. त्या फोटोत तळं आहे, मागचा राजवाडा आहे, मी नाही. अविनाश हायस्कूलात गणित शिकवतो. त्याने तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावलाय आणि आल्यागेल्याला सांगतो, "ही आमची लग्नानंतरची सहल."

तर यादी. पहिली शेगावची कचोरी, कारण ती लिहिली नाही तर मला जिल्ह्यात राहू देणार नाहीत. कचोरी उभ्याने, कागदातून खावी. घरी नेऊन दुसऱ्या दिवशी गरम करणाऱ्यांशी फार संबंध ठेवू नयेत. मग माझं माहेर पिंपळगाव राजा, तिथल्या बाजारातला भज्यांचा गाडा. पहिला घाणा घेऊ नये, तेल अजून मनावर घेत नाही, तिसरा घ्यावा. मेहकरला बसस्टँडसमोर तर्रीपोहे, पण सकाळी आठच्या आत. आठनंतर तर्री उरते ती नुसती रंगापुरती. बीबीच्या बाजाराच्या दिवशी लिंबाखाली एक बाई कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन बसतात. त्यांना ताई म्हणावं. मावशी म्हटलं की भाकर पातळ येते, हे मी स्वतः अनुभवलंय. पाचवा हुरडा, पण हंगामात आणि शेतमालकाला विचारून. सहावा लोणारच्या वाटेवरचा चहा, नुसता चहा, भज्यांच्या नादी लागू नये.

आणि सातव्या क्रमांकाला मी गमतीत लिहिलं:

"अन्नपूर्णाबाईंची पातोडी. मेहकर, जुन्या देवळामागची गल्ली, निळं फाटक. दुपारी बारानंतर. आधी कळवायची गरज नाही, कितीही जण या. बसायची सोय खाली. आग्रह फार. पाच तारे."

अन्नपूर्णाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. डिंपल दर खेपेला त्यांच्या हातची पातोडी खाऊनच पुण्याला परत जाते, म्हणून तिला चिडवायला लिहिलं. बेसन घाटून ताटात थापायचं, वर खोबरं-कोथिंबीर, शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडायच्या. करायला सोपी वाटते. मी चार वर्षं करतेय. माझ्या वड्या रश्शात विरघळतात आणि सासूबाई पंक्तीत म्हणतात, "अर्पितानं आज पिठलं चांगलं केलं."

एवढ्या अधिकारवाणीने जगाला कुठे जेवावं ते सांगणाऱ्या बाईची पोटची मुलगी मात्र तीन महिन्यांपासून जेवत नव्हती. कागदोपत्री तिचं नाव शर्वरी. जन्मली तेव्हा कापसाच्या बोंडासारखी पांढरी आणि फुललेली, म्हणून सासूबाईंनी बोंडी केली. आता दीड वर्षाची. अंगणवाडीच्या काट्यावर तीन महिने आठ किलो चारशे, काटा तिथून हलायला तयार नाही. अंगणवाडीताईंनी कार्डावरची हिरव्या पट्ट्यातली रेघ मला दाखवली. ती आडवी पडली होती. "पुढच्या महिन्यातही एवढंच भरलं तर पिवळ्यात जाईल," त्या म्हणाल्या, "मग बुलढाण्याला दाखवावं लागेल." मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत रस्त्यात कोणाशी बोलले नाही.

सल्ल्यांचं विचाराल तर आमच्या गल्लीत त्यांची टंचाई नव्हती. कोणी दृष्ट काढायला सांगितली, कोणी डाळिंबाचा रस. पद्मजाकाकू निवृत्त मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "शिस्त हवी, अर्पिता. ताट ठेवायचं, दहा मिनिटांनी उचलायचं." आम्ही ठेवलं, उचललं. बोंडीने उचलताना मदत केली. मग मोबाईल दाखवून पाहिला. तिने मोबाईललाच वरणभात भरवला. तेव्हापासून माझ्या फोनवर सगळ्यांचा आवाज तोंडात घास असल्यासारखा येतो. चमचा जवळ नेला की ती ओठ घट्ट मिटते, मान वळवते आणि भिंतीकडे बघत बसते. भिंतीवर काही नाही. उदयपूरचा फोटो आहे.

यादी पाठवून आठवडा झाला असेल. गुरुवारी बाराच्या सुमाराला फाटकापाशी गाडी थांबली. नवरा-बायको आणि दोन मुली उतरल्या. मी आतल्या खोलीत वाटी घेऊन बोंडीच्या मागे होते, सासूबाई ओट्यावर.

"अन्नपूर्णाबाईंचं हेच का?"

"हाव, या."

"पातोडी आहे का हो आज?"

आता इथे सासूबाईंच्या माहेरची रीत सांगायला हवी. त्या बीबीच्या. त्यांच्या घरात जेवायच्या वेळी दारात आलेल्याला तुम्ही कोण, कुठले, हे विचारत नाहीत. विचारलं म्हणजे आधी पारखून मग भाकर वाढतो, असं होतं. आणि एकदा जेवू घातल्यावर विचारणं तर त्याहून वाईट. म्हणजे आपण कोणाला वाढलं हेही आपल्याला ठाऊक नव्हतं, असं कबूल करणं. थोडक्यात, विचारायची वेळ कधी येतच नाही. सासूबाईंनी मनात हिशेब लावला, पातोडीचं नाव घेत आलेत म्हणजे सुनेच्या माहेरचे, डिंपलने सांगितलेलं दिसतं. मी आतून बघितलं, सासूबाईंना नावाने विचारतायत म्हणजे बीबीकडचे. मी डोक्यावर पदर घेऊन पाया पडले. त्या बाई जराशा दचकल्या, पण चांगल्या होत्या, अखंड सौभाग्यवती म्हणाल्या.

पाहुणे पोटभर जेवले. "तिखट तेवढं कमी आहे," असं त्या गृहस्थांनी स्वच्छ सांगितलं, ते सासूबाईंना आवडलं. निघताना त्यांनी आमच्याकडे बघून काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी आणखी एक भाकर वाढायची धमकी दिल्यावर ते गप्प झाले आणि बोंडीच्या मुठीत एक नोट कोंबून गेले. पाहुणे पोराच्या हातावर ठेवतातच. धाकट्या मुलीने सासूबाईंसोबत फोटोही काढून घेतला.

शनिवारी नांदेडकडचे निवृत्त शिक्षक आले, मिनीबस करून, अकरा जण. सासूबाईंनी घाईत दुसऱ्यांदा बेसन घाटलं. मी भाकरी थापल्या, अविनाशने पाणी वाढलं, पद्मजाकाकूंनी भिंतीवरून लोणचं दिलं. ते गेल्यावर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुह्या माहेरचे लोक लय मोकळे आहेत वो. चांगलं आहे. पन येक सांगू का, येवढे आहेत हे सोयरिकीच्या टायमाले सांगतलं नव्हतं तुह्या बापानं."

"माह्या माहेरचे?" मी म्हणाले. "आई, मले वाटलं तुमचे."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. अविनाश खरकट्या ताटांची चळत घेऊन मध्ये उभा होता. तो म्हणाला, "मले तर वाटलं तुमच्या दोघींचे."

डिंपलला फोन लावला. तोंडात घास असल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "ताई, मी फक्त ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती." ग्रुपवरून यादी दुसऱ्या ग्रुपवर गेली. वाटेत कोणीतरी "प्रिय डिंपल" कापून वर "सात अस्सल ठिकाणं" असं नाव घातलं. आणि कोणा भल्या माणसाने नकाशावर आमच्या घरावर लाल खूण ठोकून खाली लिहिलं होतं, अन्नपूर्णा पातोडी सेंटर. खाली अभिप्राय. मी ते बोंडीला मांडीवर घेऊन वाचले. एकाने लिहिलं होतं, घरच्यासारखं वाटतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, पाणी तांब्यातून देतात, छान कल्पना. आणि नांदेडच्या एका गुरुजींनी एक तारा कापला होता:

"जेवण उत्तम. मात्र कोपऱ्यात एक बाई सतत एका बाळाला भरवत असते आणि बाळ खात नाही. त्यामुळे जरा शंका येते."

माणसाचा अपमान किती प्रकारे होऊ शकतो याची मला बऱ्यापैकी कल्पना होती. माझ्या हातच्या पातोडीला पिठलं म्हटलेलं मी सोसलंय. पण हे मी अविनाशलाही वाचून दाखवलं नाही.

लाल खूण काढायचा प्रयत्न मी रोज बोंडीच्या झोपेत केला. नकाशावाले विचारायचे, तुम्ही या व्यवसायाच्या मालक आहात का. नाही म्हटलं की, मग मालकांना सांगा. हो म्हटलं की, परवान्याची प्रत जोडा. जे दुकान नाहीच ते बंद करायला त्या दुकानाचा परवाना लागत होता. अविनाश म्हणाला, "हे गणित सुटत नाही." शिवाय, "तारे कशाले दिले होते तू?" असंही म्हणाला. नवऱ्याने जे विचारायचं नसतं ते तो नेमकं विचारतो.

शेवटी पद्मजाकाकूंनी सूत्रं हाती घेतली. शाळेतला जुना फळा आणून त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "सूचना. येथे जेवण मिळत नाही." आणि फाटकाला टांगला. परगावचे लोक तो वाचून परत फिरले ते बरोबर, पण गावातले आत येऊ लागले. काय झालं, सगळं ठीक आहे ना, भांडण झालं का. कोणी डबा घेऊन आलं. सासूबाई मंदिरातून परतल्या, त्यांनी अक्षर अक्षर लावून ते वाचलं आणि फळा काढून उलटा भिंतीला टेकवला.

"काऊन वो पद्मजाबाई, माह्या दारावर असं लिहाव? म्या कोनाले उपाशी पाठवलं कधी?"

"अहो, पण ते गिऱ्हाईक आहेत, अन्नपूर्णाबाई."

"असतीन. जेवेपर्यंत गिऱ्हाईक. जेवल्यावर पाहुने."

पुढच्या शुक्रवारी साडेबाराला फाटक वाजलं. या वेळी एकच गृहस्थ, पन्नाशीचे, खांद्याला रेक्झिनची बॅग, काखेत फाईल.

"अन्नपूर्णा पातोडी सेंटर हेच का?"

"हेच म्हना आता," सासूबाई म्हणाल्या. "हातपाय धुवा."

"बाई, मी जेवाले नाही आलो. धम्मरत्न वानखडे. परवान्याची तपासनी असते माह्याकडे. तक्रार आली, बिनपरवान्याची खानावळ चालते म्हनून."

"साडेबाराले आलेला मानूस जेवालेच आलेला असते," सासूबाई म्हणाल्या आणि ताट घ्यायला आत गेल्या.

मी बोंडीला मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसले. परवाना आहे का, नाही. नोंदणी, नाही. बोर्ड? बोर्ड होता, म्हटलं, पण त्यावर इथे जेवण मिळत नाही असं लिहिलं होतं. त्यांनी ते फाईलीत लिहिलं, थोडा वेळ बघितलं आणि खोडलं. "तशा बोर्डाले काही रकाना नाही," ते म्हणाले.

मी यादीपासून मिनीबसपर्यंत सगळं सांगितलं. ते लिहून घेत होते आणि तेवढ्यात त्यांच्यापुढे ताट आलं. भाकर, रस्सा, कांदा आणि बाजूला न बुडवलेल्या चार-पाच कोरड्या वड्या.

"बाई, मले तपासनीच्या जागी पानीसुदिक चालत नाही."

"येक घास."

"नाही जमत."

"अर्धा घ्या. रस्सा नका घेऊ, कोरडी वडी तोंडात ठेवून पाहा नुसती."

"नियम आहे, बाई."

"नियमाले कोन सांगाले चाललं? हे पाहा, येवढीशी."

सासूबाईंनी वडी त्यांच्या समोर धरली. आणि धम्मरत्न साहेबांनी ओठ घट्ट मिटले, मान वळवली आणि भिंतीवरच्या उदयपूरच्या तळ्याकडे बघू लागले.

हे मी तीन महिने, दिवसातून तीनदा बघत होते. माझ्या मांडीवर आणखी एकीने ते ओळखलं. बोंडी घसरत खाली उतरली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. एवढ्या मोठ्या, मिशीवाल्या माणसालाही हेच भोगावं लागतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. ती त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. ताटातली एक वडी उचलली, तिचे दोन तुकडे केले, एक त्यांच्या तोंडापाशी नेला आणि माझ्या आवाजात म्हणाली, "आ."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ अजून मिटलेले होते.

"साहेब," मी म्हणाले, "तीन महिने झाले, ती धड जेवली नाही. वजन जागचं हलत नाही तिचं. तुम्ही तोंड उघडलं तर ती उघडीन, असं वाटते मले. तुमचा नियम मोडते, हे कळते मले."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. फाईल मिटून तिची नाडी बांधली, फाईल बॅगेत घातली आणि बॅग पाठीमागे सरकवली. मग तोंड उघडलं.

बोंडीने तुकडा आत ठेवला, ते चावतात का हे नीट पाहिलं आणि उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात घातला.

"तिच्याकडं पाहू नका कोनी," सासूबाई कुजबुजल्या. आम्ही दोघी छताकडे बघू लागलो. भिंतीवरून डोकावणाऱ्या पद्मजाकाकूंना हाताने खूण केली, त्या आभाळाकडे बघू लागल्या. पंख्याची पाती किती धुळकट झाली आहेत ते मला त्या दिवशी दिसलं. मी कानांनी मोजत होते. आ, चावण्याचा आवाज, पुन्हा आ. तिसऱ्या वडीला पंखा मला अंधुक दिसायला लागला. सासूबाईंनी न बघताच माझ्या हातात त्यांच्या पदराचं टोक दिलं.

पाच वड्या संपल्या. साहेबांनी बॅग पुढे ओढली, फाईलची नाडी सोडली, दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या: "सदर ठिकाणी खानावळ नसून राहते घर आहे. तपासणीवेळी एक लहान मुलगी जेवत होती." मग ते म्हणाले, "माह्याबद्दल लिहाले रकाना नाही."

त्यांच्या शेऱ्याची प्रत जोडल्यावर नकाशावरची लाल खूण दोन दिवसांत गेली. मी सुटले. पण बोंडी शनिवारी पुन्हा ओठ मिटून बसली. सोमवारी साडेबाराला फाटकापाशी जाऊन उभी राहिली. सासूबाईही मधूनमधून गल्लीकडे नजर टाकत होत्या. "तीन दिस झाले, कोनी आलं नाही वो," त्या म्हणाल्या, आणि बेसनाचा डबा उगाच पुसून ठेवला.

मंगळवारी फाटक वाजलं. धम्मरत्न साहेब. हातात फाईल नव्हती, डबा होता.

"इकडच्या गल्लीत काम होतं," ते म्हणाले. "तुमचं काही खानार नाही मी. आपला डबा आपन कुठंही बसून खाऊ शकतो, त्याले नियम आडवा येत नाही." मग डब्याचा खालचा कप्पा उघडत हळूच म्हणाले, "बायकोले सांगतलं होतं. तिनं हे भरीत बिनतिखटाचं येगळं काढलं."

बोंडी मांडी घालून त्यांच्या शेजारी बसलीच होती. तिने वांग्याचं भरीत बोटांनी उचललं आणि आ म्हणाली. आम्ही सगळे आपापल्या जागी वर बघू लागलो. अविनाशने आदल्या रविवारीच पंखा पुसला होता.

ते पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत राहिले. महिनाअखेर अंगणवाडीत काटा आठ किलो साडेसातशेवर थांबला. ताईंनी रेघ ओढली, ती वर गेली. मी कार्ड दोनदा बघितलं आणि परत येताना रस्त्यात भेटेल त्याच्याशी बोलले. दूधवाल्याशीसुद्धा.

आज बोंडी झोपलीय. कुकर झालेला आहे, पद्मजाकाकू गावाला गेल्यात, म्हणजे पूर्ण चाळीस मिनिटं. मी जुनी यादी उघडली. परवा साहेबांनी मला डब्यातलं चमचाभर भरीत दिलं होतं. तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वरून कच्चं तेल, कांद्याची पात. जोधपूर, उदयपूर आणि आमचा सगळा जिल्हा धरून मी एवढं चांगलं भरीत खाल्लं नाही, आणि हे मी कोणालाही शपथेवर सांगीन.

सातव्याखाली मी आठवा क्रमांक घातला. भरीत, बिनतिखटाचंही मिळतं. पाच तारे. पत्ता देणार नाही.